झेवियरच्या आधी जपानमध्ये ख्रिस्ती धर्म पोहोचला होता का?

पिंपळपान

जपानमधल्या ख्रिस्ती धर्माची सुरुवात म्हणून १५ ऑगस्ट १५४९ ही तारीख सांगतात. फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला तो दिवस. पण त्याच्या कितीतरी शतकं आधी 'पूर्वेचं चर्च', म्हणजे सरसकट ज्यांना नेस्टोरियन म्हणतात ते इराण-सिरियाकडचे ख्रिस्ती लोक, चीनमार्गे जपानला पोहोचले होते असा दावा व्हिडिओंमधून आणि फॉरवर्डमधून सतत फिरतो. पुरावे म्हणून फिरून फिरून हेच पाच दिले जातात:

१) क्योतोच्या उझुमासा भागातलं हाता घराणं मुळात ख्रिस्ती (काहींच्या मते ज्यू-ख्रिस्ती) होतं आणि त्यांचं कोर्यु-जी मंदिर म्हणजे मूळचं चर्च.
२) तिथून जवळच तीन खांबांची तोरिई (शिंतो देवळाची कमान) आहे, ती पवित्र त्रैक्याची खूण.
३) ७३६ साली एक इराणी ख्रिस्ती वैद्य सम्राटाच्या दरबारी आला, असं राजवृत्तांतात लिहिलं आहे.
४) शिंगोन या बौद्ध पंथाचा संस्थापक कूकाई चीनमधून ख्रिस्ती शिकवण घेऊन आला, म्हणून तर कोयासान या त्याच्या पंथाच्या डोंगरावर ख्रिस्ती शिलालेख उभा आहे.
५) आओमोरी प्रांतात खुद्द येशूची कबर आहे.

पाचवा सोडून देऊ, पण तो उगवला कुठून हे कळलं तर बरं. बाकी चारांत मूळ ग्रंथात काय आहे आणि मागाहून काय चिकटवलं, हे कुणी कालक्रमासकट सांगेल का? वाचनगटासाठी टिपण करायचं आहे, त्यामुळे सालं नेमकी हवी आहेत.

शिलालेखवेडा

आधी दोन सालं वहीत वर लिहून ठेवा: ६३५ आणि ७४५. पहिल्या तीन दाव्यांतलं बरंचसं या दोन आकड्यांवरच अडतं.

६३५ मध्ये अलोपेन नावाचा ख्रिस्ती धर्मोपदेशक चीनच्या तांग घराण्याच्या राजधानीत चांगआनला, म्हणजे आजच्या शीआनला, पोहोचला. ६३८ मध्ये राजाज्ञा निघून २१ धर्मगुरूंचा मठ झाला. ही माहिती ७८१ साली कोरलेल्या शीआनच्या शिलालेखात आहे. पूर्वेचं चर्च चीनमध्ये आल्याची त्याआधीची ठोस नोंद नाही. सुरुवातीला चिनी कागदपत्रांत या मठांना 'इराणी मठ' म्हणत. ७४५ च्या राजाज्ञेने ते नाव बदलून 'दाचिन मठ' केलं. दाचिन म्हणजे रोमन पूर्वेचा मुलूख.

आता हाता घराणं. हे लोक पाचव्या शतकाच्या सुमाराला कोरियातून आले. 'निहोन शोकी' हा राजवृत्तांत ७२० मध्ये पुरा झाला. त्यात हातांचा मूळ पुरुष युझुकी हा कोरियातल्या बेक्चे राज्यातून १२० जिल्ह्यांची माणसं घेऊन आल्याचं सांगितलंय. पुढे ८१५ च्या वंशावळीत हे घराणं स्वतःला चीनच्या पहिल्या चिन सम्राटाचे वंशज म्हणवतं. तो मोठेपणा असेल, पण ख्रिस्ती असल्याचा उल्लेख दोन्हींत कुठेच नाही. व्हिडिओवाले इथे 'युझुकी' या नावावरून थेट मध्य आशियात उडी मारतात आणि बेक्चेचं वाक्य गाळतात.

ज्यावर सगळा डोलारा उभा आहे तो मुद्दा चित्रलिपीचा, म्हणून तेवढा पाहावाच लागतो. 'उझुमासा' हे नाव ज्या दोन अक्षरांनी लिहितात, ती 'दाचिन'च्या अक्षरांसारखी दिसतात. फरक पहिल्या अक्षरातल्या एका ठिपक्याचा. पण निहोन शोकीत उझुमासा ही हातांच्या प्रमुखाला मिळालेली पदवी आहे. त्याने रेशमाच्या राशी दरबारात आणून रचल्या म्हणून ती मिळाली, अशी कथा आहे आणि तिथे ती उच्चारानुसार चार वेगळ्याच अक्षरांत दिली आहे. म्हणजे ७२० मध्ये नाव प्रचलित होतं, आणि चीनमधल्या मठांना 'दाचिन' म्हणणं सुरू झालं २५ वर्षांनी. नंतर झालेल्या नामकरणावरून आधीचं नाव निघत नाही.

कोर्यु-जीचं म्हणाल तर ६०३ ची नोंद स्पष्ट आहे: शोतोकु युवराजाकडची बुद्धमूर्ती हाता नो कावाकात्सुने मागून घेतली आणि तिच्यासाठी मंदिर बांधलं. बुद्धमूर्तीसाठी बांधलेलं मंदिर चर्च कसं होईल? तेही अलोपेन चीनला पोहोचण्याआधी ३२ वर्षं.

हाता ख्रिस्ती होते ही मांडणी साएकी योशिरो (१८७१–१९६५) या जपानी अभ्यासकाची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ती पुढे आणली. शीआनच्या शिलालेखावरचं त्यांचं काम आजही वापरलं जातं, त्यामुळे त्यांना उडवून लावू नका. हाता प्रकरणात मात्र त्यांनी ध्वनिसाम्यावर भिस्त ठेवली: ओसाके देवळाच्या नावाच्या जुन्या अक्षरांवरून दावीद, जवळच्या 'इसाराई' विहिरीवरून इस्राएल. या रीतीने कुठलंही गाव कुठेही नेता येतं.

तोरिई कोनोशिमा देवळाच्या आवारात आहे. लोक त्याला 'रेशीमकिड्यांचं देऊळ' म्हणतात. देवळाचा उल्लेख ७०१ सालचा मिळतो, पण त्यात तोरिईविषयी चकार शब्द नाही. आज उभी आहे ती दगडी तोरिई एदो काळातली (१६०३–१८६८). तिच्या पाटीवरच 'हा केइक्यो पंथाचा अवशेष असावा असंही एक मत आहे' अशा अर्थाचं वाक्य आहे, आणि फोटो काढणारे तेवढंच उचलतात. केइक्यो हे या पंथाचं पूर्व आशियातलं नाव. मत कुणाचं, कधीचं, हे पाटी सांगत नाही. अशीच तीन खांबांची तोरिई तोक्योच्या मिमेगुरी देवळातही आहे. ती मित्सुई या व्यापारी घराण्याकडून आली, आणि त्या घराण्याचा कोनोशिमा देवळाशी जुना संबंध होता. तिला कुणी ख्रिस्ती म्हणत नाही.

७३६ ची नोंद मात्र खरी आहे. निहोन शोकीच्या पुढच्या राजवृत्तांतात, 'शोकु निहोंगी'त, तेनप्यो ८ या वर्षात, दोन ठिकाणी. आठव्या महिन्यात चीनहून परतलेला उपराजदूत नाकातोमी नो नाशिरो तीन तांग माणसं आणि एक इराणी यांना घेऊन दरबारात हजर झाला. अकराव्या महिन्यात राजदूतमंडळाबरोबर तांगचा कोहो तोचो आणि इराणी री मित्सुएइ यांनाही दर्जे दिले गेले. संपलं. 'वैद्य' हा शब्द मुळात नाही, 'ख्रिस्ती' तर नाहीच. काहीजण कोहो तोचोलाही धर्मगुरू बनवतात. त्याच वृत्तांतात ७६६ साली त्याला बढती मिळाल्याची नोंद आहे आणि कारण दिलंय तांग संगीत सादर केल्याचं.

जाता जाता: नाशिरोच्या त्याच परतीच्या प्रवासात बोधिसेन हा भारतीय भिक्षूही जपानला आला. ७५२ मध्ये तोदाई-जीच्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. त्याच्याबद्दल पानंच्या पानं मिळतात, मित्सुएइबद्दल एक ओळ. दरबाराला कशात रस होता हे त्यावरून कळतं.

वाळवंटवाट

वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत, पण 'नोंद नाही म्हणजे माणूस नाही' असं वाचकांनी समजू नये. आठव्या शतकातल्या नारामध्ये, म्हणजे तेव्हाच्या जपानी राजधानीत, इराणी जगाशी संबंध होते, याचे मित्सुएइपेक्षा घट्ट पुरावे आहेत.

होर्यु-जी मंदिराच्या संग्रहातली चंदनाची ओंडकी घ्या. त्यांवर पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेला मजकूर आणि सोग्दी या मध्य आशियाई लिपीतला डागलेला शिक्का आहे. शाईने लिहिलेली तारीख ७६१ ची. ही अक्षरं १९८० च्या दशकात वाचली गेली. दुसरा पुरावा नाराच्या हेइजो राजवाड्यात १९६६ मध्ये सापडलेली लाकडी पट्टी. २०१६ मध्ये अवरक्त किरणांनी छायाचित्रण केल्यावर तिच्यावरची अक्षरं उमटली: ७६५ साल, अधिकारी घडवणाऱ्या सरकारी विद्यालयातली रात्रपाळी, आणि एका कर्मचाऱ्याच्या नावात 'इराणी' अर्थाची अक्षरं. म्हणजे इराणी वंशाचा माणूस सरकारी नोकरीत होता.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. इराणी म्हणजे ख्रिस्ती, असं समीकरण मांडलं जातं. त्या काळचा इराणी झरथुष्ट्री असू शकतो, मानीपंथी, बौद्ध किंवा मुसलमानही. चांगआनमध्ये झरथुष्ट्री अग्निमंदिरं आणि दाचिन मठ एकाच शहरात होते. आणि चंदन तर दलालांच्या हातून फिरत येतं, त्याबरोबर इराणी माणूस यायलाच हवा असं नाही.

चौथ्या दाव्याकडे वळतो, कारण त्यात खरी आणि रंजक कडी आहे. शीआनच्या शिलालेखाचा मजकूर रचणारा ख्रिस्ती धर्मगुरू जिंगजिंग, सिरियाक (पूर्वेच्या चर्चची धर्मभाषा) नाव आदाम. त्याने प्रज्ञ या बौद्ध भिक्षूबरोबर 'षट्पारमिता' सूत्राचं चिनी भाषांतर सात खंडांत केलं. ८०० साली पुऱ्या झालेल्या बौद्ध ग्रंथसूचीत ही नोंद आहे, आणि ती बोचरी आहे: प्रज्ञाला मध्य आशियाई भाषा आणि चिनी नीट येत नव्हती, जिंगजिंगला संस्कृत येत नव्हतं आणि बौद्ध तत्त्वज्ञानही कळत नव्हतं. सम्राटाने ते भाषांतर नाकारलं. दोन्ही धर्मांच्या लोकांनी आपापल्या मठात राहावं, शिकवणी मिसळू नयेत, असंही तिथे बजावलंय.

हाच प्रज्ञ पुढे कूकाईचा संस्कृतचा शिक्षक. कूकाई ८०४ च्या अखेरीस चांगआनला पोहोचला आणि ८०६ मध्ये मायदेशी परतला. म्हणजे कूकाई आणि जिंगजिंग या दोघांच्या मध्ये एक समान ओळखीचा माणूस होता, एवढं ठाम म्हणता येतं. कूकाई दाचिन मठात गेला, जिंगजिंगला भेटला, ख्रिस्ती ग्रंथ घेऊन आला, यातलं काहीही त्याच्या स्वतःच्या लिखाणात नाही. उलट चीनहून काय काय आणलं याची सविस्तर यादीच त्याने दरबाराला सादर केली: सूत्रं, मंडलं, विधीची उपकरणं. ख्रिस्ती ग्रंथ त्या यादीत नाही.

आणि कोयासानवरचा शिलालेख? ती शीआनच्या शिळेची प्रतिकृती. एलिझाबेथ अॅना गॉर्डन या इंग्रज बाईंनी १९११ मध्ये ती ओकुनोइन दफनभूमीत उभी केली. बौद्ध महायान आणि ख्रिस्ती धर्म मुळात एकच, असं त्यांचं मत होतं. मूळ शिळा सतराव्या शतकात, १६२० च्या दशकात, जमिनीतून बाहेर आली आणि ती शीआनलाच आहे. प्रतिकृती आपल्या जागी ठीक आहे, फक्त ती विसाव्या शतकातल्या एका श्रद्धेचा पुरावा आहे, नवव्या शतकातल्या घटनेचा नव्हे.

आणखी एक खड्डा: 'जपानमध्ये केइक्योची प्राचीन हस्तलिखितं आहेत' हे वाक्य. आहेत, पण ती चीनमधली म्हणून विकत घेतलेली. तोमिओका आणि ताकाकुसु या दोन विद्वानांनी ती अनुक्रमे १९१० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९२२ च्या सुमारास मिळवली. आज ती ओसाकात आहेत. ती तांगकालीन की आधुनिक बनावट, यावरच चिनी अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. १९४० च्या दशकात पुढे आलेली 'कोजिमा' हस्तलिखितं तर बनावट ठरली. त्यामुळे टिपणात 'जपानमध्ये सापडली' असं लिहू नका, 'जपानमध्ये ठेवलेली' असं लिहा.

'शक्य' आणि 'झालं' यांतली रेघ ओढायला चीनच उपयोगी पडेल. तिथे दुनहुआंगच्या गुहेतून ख्रिस्ती स्तोत्राची हस्तलिखित प्रत मिळाली, तुर्फानला भित्तिचित्रं आणि सिरियाक पानं, च्वानजौच्या बंदरात क्रूस कोरलेले, नंतरच्या मंगोल काळातले थडग्याचे दगड, आणि २००६ मध्ये लोयांगला नवव्या शतकातला, ख्रिस्ती मजकूर कोरलेला दगडी स्तंभ. ८४५ मध्ये तांग सम्राटाने परक्या धर्मांवर बंदी घातली, तरी एवढं हाती लागलं. जपानमध्ये त्या काळात अशी बंदी झाल्याची नोंद नाही, मंदिरांची भांडारं बाराशे वर्षं जपली गेली, आणि तरी सिरियाकची एक ओळ नाही. एखादा प्रवासी आला असेल. नांदता समाज असता तर काहीतरी हाती लागलं असतं.

पिंपळपान

दोघांचेही आभार. आणखी एक: गुन्मा प्रांतातल्या ७११ सालच्या शिळेखाली क्रूस सापडला म्हणतात, त्याचं काय? आणि ती कबर?

शिलालेखवेडा

ती तागोची शिळा. ७११ साल खरं आहे. सहा ओळी, सुमारे ८० अक्षरं. आशय कोरडा प्रशासकीय आहे: तीन जिल्ह्यांतून ३०० कुटुंबं वेगळी काढून नवा तागो जिल्हा केला आणि तो 'हित्सुजी'ला, शब्दशः 'मेंढी'ला, दिला. हे बहुधा माणसाचं नाव. मेंढी दिसली की लोकांना देवाचं कोकरू आठवतं, तिथून सगळं सुरू होतं.

क्रुसाची गोष्ट येते ती मात्सुरा सेइझान या सरंजामदाराच्या टिपणवहीतून, आणि ती वही त्याने लिहायला घेतली १८२१ मध्ये. म्हणजे शिळा आणि बातमी यांत ११०० वर्षांचं अंतर. मध्ये ख्रिस्ती धर्मावरची १६१४ ची देशव्यापी बंदी आणि लपून राहिलेले ख्रिस्ती येऊन गेले. शिळेजवळ खरोखर काही मिळालं असेलच, तर ते सतराव्या शतकातल्या कुणी पुरलं असण्याचा संभव कितीतरी जास्त. अशा वेळी वस्तूचं वय वेगळं आणि ज्या दगडाजवळ ती मिळाली त्याचं वय वेगळं मोजायचं. या दाव्यात तर वस्तूच आज समोर नाही.

कबर आओमोरीतल्या शिंगो गावात, जुनं नाव हेराई. १९३५ मध्ये ताकेउची कियोमारो नावाचे एका नवपंथाचे प्रमुख तिथे गेले आणि आपल्या घराण्यातल्या 'प्राचीन' कागदांच्या आधारे त्यांनी दोन मातीच्या उंचवट्यांपैकी एक येशूचा ठरवला. कथेनुसार क्रुसावर गेला तो भाऊ इसुकिरी, आणि येशू इथे भातशेती करत वयाच्या १०६ व्या वर्षापर्यंत जगला. १९३६ मध्येच कानो कोकिची यांनी त्या कागदांची भाषा आणि लिपी तपासून ते बनावट असल्याचं दाखवलं. सरकारने जप्त केलेले मूळ कागद १९४५ च्या तोक्योवरच्या हवाई हल्ल्यांत जळाले, त्यामुळे आता भक्तांना 'पुरावा नष्ट झाला' म्हणायची सोय झाली आहे. १९६४ पासून गावात जूनमध्ये उत्सव भरतो. विधी शिंतो पुजारी करतात आणि पर्यटन बरं चालतं. त्यात वाईट काही नाही.

मांडवीकाठ

एक गोष्ट सुटते आहे, आणि ती आपल्या किनाऱ्यावरची आहे. 'जपानमध्ये आधीच ख्रिस्ती धर्म होता' ही कल्पना साएकींची नव्हे. ती झेवियर जपानला निघण्याआधीची आहे आणि तिचा कच्चा माल जुन्या गोव्यात तयार झाला.

कागोशिमाचा आंजिरो माणूस मारून पोर्तुगीज जहाजावरून पळाला आणि डिसेंबर १५४७ मध्ये मलाक्क्यात झेवियरला भेटला. १५४८ मध्ये गोव्यात सेंट पॉल कॉलेजमध्ये शिकायला राहिला. २० मे १५४८ ला, पेंटेकॉस्टच्या दिवशी, बिशप आल्बुकर्क यांनी त्याला आणि त्याच्या दोन जपानी साथीदारांना बाप्तिस्मा दिला. त्याचं नाव झालं पावलो द सांता फे. नोंदीनुसार पहिले जपानी ख्रिस्ती हेच, म्हणजे सुरुवात कागोशिमाच्या सव्वा वर्ष आधी, मांडवीच्या काठी.

कॉलेजचे प्रमुख लान्सिलोत्तो यांनी आंजिरोला विचारून जपानच्या धर्माचा अहवाल लिहिला. आंजिरो पंडित नव्हता, बौद्ध ग्रंथांची अवघड चिनी त्याला वाचता येत नव्हती, आणि तो जे सांगत होता ते मोडक्या पोर्तुगीजमध्ये. ब्रह्मचारी भिक्षू, जपमाळा, घंटा, उपास, मध्यरात्री उठून प्रार्थना, सगळ्यांचा कर्ता एक देव. ऐकणाऱ्याला हे ओळखीचं वाटणारच. अहवाल युरोपात गेला आणि १५५० च्या दशकात फ्रेंच पंडित गियोम पोस्तेल याने त्यावरून छापून टाकलं की जपान्यांचा शाक्य (बुद्ध) म्हणजे ख्रिस्तच, काळाच्या ओघात धूसर झालेला. व्हिडिओंचा हा खापरपणजोबा.

झेवियरने मात्र प्रत्यक्ष चौकशी केली. २९ जानेवारी १५५२ ला कोचीनहून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की पूर्वी कधी देवाची किंवा ख्रिस्ताची माहिती इथे आली होती का हे त्याने शोधून पाहिलं. त्यांच्या ग्रंथांत किंवा लोकांच्या सांगण्यात तसं काही आढळलं नाही. कागोशिमाच्या सरदाराच्या चिन्हावर पांढरा क्रूस दिसला, पण त्याचा ख्रिस्ताशी संबंध नाही, हेही त्याने नोंदवलंय. ते शिमाझु घराण्याचं चिन्ह. आजही 'शिमाझु गुप्त ख्रिस्ती' म्हणून त्याचे फोटो फिरतात. ज्याला तो क्रूस खरा ठरावा असं सगळ्यांत जास्त वाटलं असतं, त्यानेच तो बाद केला. टिपणात हे पत्र अवश्य घ्या.

उलट दिशेचा गोंधळही तितकाच होता. आंजिरोच्या सल्ल्याने झेवियर देवाला 'दाइनिची' म्हणू लागला. ते शिंगोन पंथाच्या वैरोचन बुद्धाचं नाव, त्यामुळे भिक्षूंनी आधी स्वागतच केलं. यामागुचीत चूक ध्यानात आल्यावर त्याने 'देउस' हा लॅटिन शब्द धरला. हे लोक गोव्याहून आले, गोवा तेनजिकूत म्हणजे भारतात, आणि भारत बुद्धाचा देश; म्हणून ही बौद्ध धर्माचीच नवी शाखा असणार, असं अनेकांना वाटलं. १५५२ च्या यामागुचीच्या दानपत्रात पश्चिमेकडून आलेल्या भिक्षूंना 'बुद्धधर्माच्या प्रसारासाठी' दाइदो-जी ही जागा दिल्याचं लिहिलं आहे. हे दानपत्र मिळालं जेझुइटांना, म्हणजे झेवियरच्या संघाच्या धर्मोपदेशकांना.

वाळवंटवाट

लान्सिलोत्तोचा मुद्दा पटला. तुलनेसाठी आपल्याकडची उदाहरणं द्यायची तर नीट द्या. सहाव्या शतकात कोस्मास हा ग्रीक प्रवासी 'काल्लियाना' इथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. ते बंदर आपलं कल्याण असं बहुतेक मानतात, काहीजण वेगळं सांगतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले, ते एका नेस्टोरियनाच्या घरी उतरले होते, आणि ओदोरिक हा त्याच संघाचा प्रवासी तिथे अशा ख्रिस्त्यांची १५ घरं असल्याचं सांगतो. बिशपचं ठाणं आणि घरांची संख्या, अशा तोडीचा मजकूर जपानबद्दल १५४९ पूर्वीचा एकही नाही.

पिंपळपान

कोस्मास आणि ओदोरिक दोन्ही घेतो. आंजिरो की याजिरो, कोणतं नाव लिहू?

मांडवीकाठ

पोर्तुगीज पत्रांत 'आंजिरो'च्या जवळचं रूप आहे, जपानी अभ्यासक बरेचदा 'याजिरो' लिहितात. एकदा कंसात दुसरं नाव देऊन पुढे एकच चालवा. आणि त्याचा बाप्तिस्मा झेवियरने केला असं लिहू नका, बिशपने केला. ही चूक मराठी लेखांतही दिसते.